एकोणीस वाव दोर

आधी नाव सांगतो. धर्मा नाखवा, मढ, मालाड पश्चिम. त्यांच्यामुळे हे लिहायला मी आहे आणि त्यांची होडीही आहे. सातवीत शाळा सोडलेला माणूस मी, लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या.

मी मूळचा परभणीकडचा, आता नाखवांच्या होडीवर कामाला. आम्ही बौद्ध, घरात अंगारे-धुपारे कधीच नव्हते. भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी हसायचो. अजूनही हसतो... ही एक गोष्ट सोडून.

गेल्या हिवाळ्यात नाखवांचा गुडघा सुजला, म्हणून वर्सोव्याला दुरुस्तीला दिलेली होडी मढला आणायला त्यांनी मला एकट्यालाच पाठवलं. पहिल्यांदाच. त्यांची ती एकच होडी, आणि मला धड पोहता येत नाही. नांगराचा दोर घरी होता. सकाळी अंगणात पसरून त्यांनी तो माझ्याकडून मोजून घेतला. बारा वाव. वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की होते तेवढी लांबी.

दुपारी खाडीच्या तोंडाबाहेर आलो आणि पंख्यात प्लास्टिक अडकून इंजिन बंद पडलं. वारा पश्चिमेचा, होडी मढच्या खडकांकडे सरकायला लागली. मी नांगर टाकला, पाच वाव दोर सोडला आणि पुढच्या खुंट्याला करकचून बांधला. होडी थांबेना. नाखवांना फोन लावला, स्पीकरवर ठेवला.

"किती दोर दिलास?"

"पाच. घट्ट बांधलाय, नाखवा."

"बैल बांधतोस काय रे? आखूड दोरानं नांगर उचलला जातो, तळ धरत नाही. सोड. मोठ्यानं मोज, मला ऐकू दे."

खरंच, मारका बैल आखूड बांधायचा, एवढंच मला ठाऊक. गाठ सोडली. रडत मोजायला लागलो... सहा, सात, आठ.

बाराला दोर संपायला हवा होता. पायाशी वेटोळं तसंच. तेरा. चौदा.  फोनवर नाखवा हळू म्हणाले, "थांबू नको. दोर येतोय तोवर सोड."

एकोणीसला दोर खुंट्याला गुंडाळला. तो ताठ झाला, होडीनं वाऱ्याकडे तोंड फिरवलं आणि उभी राहिली. मागच्या खडकांवरची कालवं दिसत होती, इतके ते जवळ.

"धरला, नाखवा."

"कोणी धरला?"

"मी."

"मग रडतोस कशाला, येड्या?"

तासाभरात ते पुतण्याच्या होडीतून आले, सुजल्या गुडघ्यानिशी. नांगर मी एकट्यानं वर ओढला, कोणाला हात लावू दिला नाही. किनाऱ्यावर नाखवांनी स्वतः दोर मोजला. मग पुन्हा मोजला. बारा वाव.

"भीतीनं माझं मोजणं चुकलं असेल," मी म्हणालो.

"तिथं पाणी चार वाव. या वाऱ्यात बारा वावांवर होडी थांबायची नाही. जन्म गेला माझा इथं." मग गल्लीकडे तोंड करून ओरडले, "ऐका रे, आमच्या परभणीवाल्यानं एकट्यानं होडी वाचवली."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पुन्हा एकट्याला पाठवलं. गेलो. झकास आलो.

सात वाव कुठून आले, हे मी विचारायचं सोडलंय. पण एक शब्द इथे देऊन ठेवतो — नाखवांना समुद्र झेपेनासा होईल तेव्हा त्यांना उचलून होडीत बसवीन, नांगर मी टाकीन, आणि त्यांनी नुसत्या शिव्या द्यायच्या.