वेळ न छापलेला मोर्चा

आमच्या घरात वर्तमानपत्र कधीमधी यायचं, पत्रकं मात्र कायम असायची. आप्पा रेल्वेत ट्रॅकमन, आणि ड्युटी सुटली की वस्तीची पत्रकं लिहिणारे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी पाढे गिरवले. सातच्या पाढ्यामागून ‘जाहीर निषेध’ उमटलेला असायचा. ‘बहुसंख्येने उपस्थित राहावे’ हे मला घरच्या पत्त्याआधी पाठ झालं.

यंदा आप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि पत्रक माझ्याकडे आलं. विषय आमच्या वस्तीच्या समाजमंदिराचा. दुरुस्ती करतो म्हणून एका ठेकेदाराने किल्ली नेली आणि आत स्वतःच्या सिमेंटच्या गोण्या रचल्या. तिथे आमची अभ्यासिका होती. पोलीस भरतीची तयारी करणारी माझी धाकटी बहीण आता दौंड स्टेशनच्या बाकावर बसून अभ्यास करत होती. तिचे कायद्याचे प्रश्न चुकायचे, पण कुठली गाडी किती लेट आहे ते ती झोपेतही सांगायची. परीक्षा जवळ आली होती.

नेमकं त्याच आठवड्यात मैत्रिणीने मला पुण्याला जॅझच्या मैफलीला ओढलं. ‘अवांगार्द’, म्हणजे सगळे नियम मोडणारं, असं पासवर लिहिलं होतं. सुखवस्तू लोकांच्या या चैनीवर एक जळजळीत टिपण मी गाडीतच लिहून टाकलं. मैफल ऐकायची तेवढी बाकी होती.

स्टेजवर तिघं. सॅक्सोफोनवाल्याने तोंडाकडचा भाग काढून नुसत्या नळीत फुंकलं. ड्रमवाल्याने ड्रमवरून साखळी ओढली. तिसरा आपल्या माणसाएवढ्या उंच बासच्या, त्या तंतुवाद्याच्या, पाठीवर थापा मारत होता. कोणी कोणाला ‘आता तू’ म्हणत नव्हतं. सुरुवात कुठली, शेवट कुठला, काही पत्ता नाही. मग ती नळी एकदम किंचाळली आणि माझ्या अंगावर काटा आला. निषेधाचा एकही शब्द नव्हता, तरी इतका सच्चा निषेध मी कुठल्याच सभेत ऐकला नव्हता. मी टिपण फाडलं. परतीच्या गाडीत केडगाव येईपर्यंत माझा सिद्धांत तयार होता: लोकांना वेळ देणं म्हणजे हुकूम सोडणं. आपल्या पत्रकात वेळ नको, तारीख नको, आणि ‘उपस्थित राहावे’ तर मुळीच नको.

प्रेसवाल्या मामांनी कागद उलटापालटा करून पाहिला.

“ताई, तारीख ऱ्हायली. येळबी न्हाई.”

“राहिली नाही मामा, काढलीय.”

“मंग लोकांनी यायचं कवा?”

“वाटेल तेव्हा.”

“लग्नाची पत्रिका अशी छापली असती तर पाव्हणं उपाशी मेलं असतं.”

पत्रकावर फक्त लहानमोठ्या अक्षरांत ‘किल्ली’ पसरलेली होती, आणि खाली एक ओळ: ‘ठेकेदाराच्या दारात जा. मागा.’ घरी मी ते काळ्या चष्म्यातल्या आप्पांना वाचून दाखवलं, मध्ये मोठे विराम घेत.

“थांबलीस का?”

“विराम आहे, आप्पा.”

“मला वाटलं, पान संपलं.”

ठेकेदाराला मोर्चे नवे नव्हते. चहा, निवेदन, फोटो, आश्वासन. त्याची चाल ठरलेली होती. वस्तीत पत्रकं वाटली गेल्याचं कळलं तशी सकाळीच त्याने चहाचं मोठं पातेलं चढवलं. आधी शिक्रापूरच्या कंपनीतून रात्रपाळी करून आलेली दोन पोरं दारात उभी राहिली.

“मोर्चा झाला का?” त्यातल्या एकाने ठेकेदाराला विचारलं.

“अजून न्हाई.”

“मंग किल्ली द्या, आमाला झोपायचंय.”

मग धुणं उरकून बायका आल्या. दुपारी चौघं रिक्षावाले, संध्याकाळी गाडीतून उतरलेले नोकरदार. पुढारी कोण, निवेदन कोणाचं, कोणालाच माहीत नव्हतं. पत्रकावर तारीख नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवशीही लोक आले. माझी आत्या तर मेथीची जुडी घेऊन त्याच्या ओट्यावरच बसली. “तुमचं चालू द्या. मोर्चा आला की उठती मी.”

ठेकेदाराला ना जेवता येईना, ना घर सोडता येईना. तिसऱ्या दिवशी त्याने किल्ली आत्याच्या मेथीत टाकली.

“घ्या! आन् एवढं सांगा मावशी, मोर्चा संपला का?”

“सुरू कुठं झालाय अजून?”

या सगळ्यात मी घरी माझ्या सिद्धांतावर लेख लिहीत होते. भाषण आणि कर्णा घेऊन मी त्याच्या दारात पोचले तेव्हा ठेकेदार गोण्या टेम्पोत चढवत होता आणि ऐकायला कोणीच उरलं नव्हतं.

अभ्यासिका पुन्हा उघडली तशी बहिणीने खिडकीजवळची जागा पकडली. मी तिला सगळं समजावलं: हा विजय मुळात कोणाचा, सॅक्सोफोनचं योगदान किती. पुरावा म्हणून मोबाईलवर मैफलीचा तुकडाही लावला. तिने तो पूर्ण ऐकला. मग माझं एक उरलेलं पत्रक घेतलं, कोऱ्या पाठीवर सुवाच्य अक्षरात काही लिहिलं आणि दाराला चिकटवलं. वर अभ्यासिकेची वेळ होती, उघडण्याची आणि बंद होण्याचीही. खाली एकच सूचना:

‘बहुसंख्येने उपस्थित राहू नये.’