जीपीएसनं मला रोवणीत पाडलं

"चांगले नकाशेवालं जीपीएस घे, रस्ता चुकणारच नाही" सांगणाऱ्या सायकल ग्रुपमधल्या शहाण्यांनो, ऐका.

आज अड्याळजवळ तुमच्या लाडक्या यंत्रानं शेतातून रस्ता दाखवला. मी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, निघालो आणि सायकलीसकट धानाच्या चिखलभरल्या बांदीत पडलो. नुकतीच रोपं लावून झालेल्या रोवणीचा चेंदामेंदा.

रोवणारी बाई कडाडली, "काहून गा, डोळे फुटले काय? इथून बंडी फक्त उन्हाळ्यात जाते!"

खरंच. धान निघाल्यावर पडणारी बैलबंडीची वाट कुण्या महाभागानं बारमाही रस्ता म्हणून नकाशात घातली. आणि मी इथलाच, दर उन्हाळ्यात ती वाट पाहतो, तरी या जीपीएसच्या डबीचं ऐकलं.

बाई वाकून मी तुडवलेली रोपं पुन्हा लावत होती. डबी मात्र म्हणतच राहिली होती, "सरळ जा."

त्या बाईसमोर या डबीचं तोंड कसं बंद करायचं, हे तुमच्या कोणत्या रिव्ह्यूत लिहिलंय?