पास झालेलं रक्त

बारा जानेवारी, सोमवार, सकाळी साडेदहा. ठिकाण: मलकापूर, आमचं स्वयंपाकघर. हजर: मी, माझा नवरा, सासूबाई आणि भोगीची भाजी घेऊन कडेगावहून आलेले धाकटे दीर. विषय: स्टिरॉइडच्या गोळ्यांची जुनी स्ट्रिप, तिच्यातली बारा घरं रिकामी.

महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी मी औषधांचा डबा मोजते. ती स्ट्रिप मागच्या दुखण्यातली, बंद केलेली. डिसेंबरच्या मोजणीत ती भरलेली होती.

नवऱ्याला सहा वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मोठ्या आतड्याला सूज येते, जखमा होतात, रक्त पडतं. औषधाने थांबतं आणि मग माणूस विसरतो. आतडं विसरत नाही. म्हणून सांगलीचे डॉक्टर दर तीन महिन्यांनी रक्त तपासायला सांगतात, अंगातली सूज दाखवणारा सीआरपी आणि आणखी दोन-तीन आकडे. आजार उलटायचा असला तर पुष्कळदा पोटाच्या आधी हे आकडे हलतात, असं त्यांनी पहिल्याच वर्षी समजावलं होतं. एकट्या आकड्याला अर्थ नाही, मागच्यांशी ताडून पाहायचं. मी वही घातली. शौचाची तपासणी याहून नेमकी, असंही ते म्हणाले होते. पण तिथे आमचे फौजेतून निवृत्त हवालदार, म्हणजे नवरा, अडले. "सतरा वर्सं बंदूक धरली. आता ह्या हातात ती डबी धरून कराडच्या स्टँडवरनं जायचं व्हय?" त्यामुळे सगळा भार रक्तावर.

ऑक्टोबरात आकडा थोडा चढला. पुढच्या वेळीही चढला तर इंजेक्शनचं बघू, असं डॉक्टर म्हणाले. नवऱ्याने यातून एवढंच ऐकलं की पुढच्या वेळी मेडिकल आहे. फौजेतला माणूस मेडिकल करून घेत नाही, तो ते पास होतो. आठ दिवस आधी पळतो, वजन उतरवतो, खोकला दाबतो.

डिसेंबरच्या शेवटी रक्त दिलं आणि आकडा अगदी आदर्श आला. मी तो हिरव्या पेनाने वहीत लिहिला आणि रिपोर्ट डॉक्टरांना फोनवर पाठवला. इंजेक्शन टळलं. सासूबाईंनी शेजारी शिरा वाटला.

तर, सोमवार.

"या गोळ्या कुणी खाल्ल्या?" मी विचारलं.

"उंदरानं," नवरा पेपरातून म्हणाला.

"उंदराला सीआरपी तपासायचं होतं का?"

दिरांना हसू आवरलं नाही. "वैनी, परीक्षेला मोकळ्या हातानं कोण जातंय व्हय? मीच म्हणलो दादाला, गेल्या येळी ज्या गोळीनं गुण आला ती घे की. दिसाला तीन, चार दिस. लय फरक पडला बगा."

"आन मी चार दिस नुसती पेज घातली त्याला," सासूबाई म्हणाल्या. "बिनतिखटाची. रगत सोच्छ दिसाय नगो?"

म्हणजे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त वही ठेवणारीला.

मी वीस वर्षं अंगणवाड्या तपासल्या. वजनाच्या दिवशी आया मुलांना केळी चारून, पाणी पाजून आणायच्या. एकीने झबल्याच्या खिशात दगड घातले होते. ते दगड मी काढले. घरातल्या आकड्याला मात्र मी हिरवं पेन लावलं.

"अहो, हा आकडा तुमचा नाही, गोळीचा आहे," मी म्हटलं. "राखणदाराला भांग पाजून झोपवलंत आणि म्हणता, वस्तीवर चोर फिरकला नाही."

"पर पास झालो का न्हाई?"

"सकाळपासून किती वेळा जाऊन आलात?"

"दोनदा."

"चारदा," सासूबाई म्हणाल्या. "मोजलंय मी."

"रक्त?"

त्याने पेपराची घडी घातली, मग त्या घडीची आणखी एक घडी घातली. "थोडं. परवापासनं."

दिरांचं हसू गेलं. भाजीची पिशवी उगीच या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ठेवली.

"इंजेक्शन सुरू झालं म्हंजे मी पेशंट," नवरा म्हणाला.

"आणि आत्ता कोण आहात?"

फौजेने घडी घातलेला पेपर पुन्हा उघडला.

मी चार कामांची यादी केली. एक, गुरुवारची वेळ घेणे. दोन, आजच पुन्हा रक्त देणे, पेज आणि सल्ल्याशिवाय. तीन, स्ट्रिप पर्समध्ये ठेवणे. चार, डॉक्टरांना खरं सांगणे, आणि या कामापुढे मी नवऱ्याचं नाव घातलं. "वही तुजी हाय, तूच सांग," तो म्हणाला. गोळ्या कुणाच्या पोटात गेल्या, एवढंच मी विचारलं.

गुरुवारी सांगलीत डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले. नवा आकडा ऑक्टोबरपेक्षाही वर होता. "अडीच आठवड्यांत एवढा फरक? मधे काही वेगळं घेतलं होतं का?"

नवऱ्याने भिंतीवरच्या आतड्याच्या चित्राकडे पाहिलं. "आयेनं पेज दिली हुती."

मी पर्स उघडली आणि स्ट्रिप टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी रिकामी घरं बोटाने मोजली. रागावले नाहीत, त्यामुळे नवरा खुर्चीत आणखीच खाली सरकला. इंजेक्शनच्या आधीच्या तपासण्या लिहून दिल्या आणि पुढे एक पांढरी डबी सरकवली. रक्ताला यांनी शिकवून पाठवलंय, आता शौचाचीच तपासणी हवी, म्हणाले. ती आल्याशिवाय पुढचं ठरणार नव्हतं.

आज रविवार. रक्ताच्या तपासण्या झाल्या. डबी शुक्रवारपासून बेसिनवरच्या फळीवर आहे. मी नेते म्हटलं, तर म्हणाला, "बायकूच्या हातात? मग तर न्हाईच." दिरांना फोन केला, त्यांना अचानक ऊसतोड लागली. आज पहाटेपासून तो पाचदा आत जाऊन आलाय. डबीवर मी त्याचं नाव आणि तारीख लिहून ठेवली होती. तारीख दोनदा खोडून झाली. डबी कोरडीच आहे.