पडद्यावरच्या कानबाईचं विसर्जन

मी धुळ्यात कार्यक्रमांचं निवेदन करतो. लग्न, सत्कार, ऑर्केस्ट्रा, काहीही. माईक हातात आला की मला स्वतःच्या शहाणपणाचा भलताच भरवसा वाटायला लागतो, आणि त्याच भरवशावर मी त्या श्रावणात कानबाईच्या गाण्यांचा थेट कार्यक्रम ठरवला. कानबाई ही आमची खानदेशी देवी; श्रावणातल्या रविवारी बसते, सोमवारी नदीवर तिचं विसर्जन. बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगचं गोडाऊन, त्यात भिंतभर एलईडी पडदा, पडद्यावर संगणकाने बनवलेलं देवघर: केळीचे खांब, चौरंग आणि नथ घातलेली कानबाई. पोटासाठी सुरत, नाशिक, पुण्याला गेलेल्या आपल्या माणसांनी मोबाईलवर घरबसल्या बघावं, अशी कल्पना. गाणार होती माझी पारोळ्याची मावशी. तिला सगळे आक्का म्हणतात.

आक्काच्या घरची कानबाई चार वर्षं बंद होती. शेताच्या बांधावरून दोन्ही लेकांचं बोलणं तुटलेलं. थोरला सुरतेला, धाकटा नाशिकला. त्यांच्या घरात विसर्जनाचा पाट दोघा भावांनी मिळून धरायचा असतो. भाऊच येईनात, तर कानबाई बसवायची कोणाच्या जिवावर? म्हणून, देवी म्हणून जो बसवतात, तो खरा नारळ मी मुद्दाम ठेवला नाही. नारळ नाही म्हणजे स्थापना नाही, स्थापना नाही म्हणजे कटकट नाही. केवढा मी हुशार!

रविवारी दुपारी कार्यक्रम सुरू झाला. या पडद्याची गंमत अशी की कॅमेरा सरकला की त्याच्या नजरेला जुळेल असं मागचं चित्रही सरकतं. मोबाईलवर ते अगदी खरं देवघर वाटतं. पण गोडाऊनमध्ये बसलेल्या बायकांना भलतंच दिसलं. कॅमेरा फिरेल तशी कानबाई डावी-उजवीकडे डोलत होती.

"माय खेळी ऱ्हायनी!" एक बाई ओरडली, आणि एकूणएक बठ्ठ्या उठल्या. फुगड्या सुरू झाल्या. आक्काने गाण्यातून कानबाईला बोलावणं धाडलं, भिंतीला आरती ओवाळली, रोटाचा नैवेद्य दाखवला. पुण्याहून आलेला तंत्रज्ञ खुशीत येऊन मला म्हणाला, "सर, रिस्पॉन्स भारी आहे."

संध्याकाळी तो पडदा बंद करायला गेला, तशी आक्का आडवी आली.

"बसाडेल मायले बटण दाबीसन कोण उठाडस रे?"

"आक्का, ती चित्रमातली शे," मी म्हणालो.

"मंग मी आरती कोनी करी? भीतनी?"

मी तंत्रज्ञाला हाताने थांबवलं. आक्का वळली आणि अजून चालूच असलेल्या कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "मन्हा दोन्ही पोरं येवाशिवाय माय उठाव नही. मी बी उठाव नही." आणि पडद्यासमोर बसली.

मला तिचा संताप आला. सोमवारी दुपारी हाच पडदा भुसावळला एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला पोचवायचा होता. पण संतापाच्या खाली लाजही होती. मी तिचा आवाज मागितला होता. तिच्या बंद देवघराचा विचार मी फक्त स्वतःची कटकट वाचवण्यापुरता केला होता.

सकाळपर्यंत लेकांचा पत्ता नव्हता. तंत्रज्ञाने पडद्याचे चौकोनी तुकडे सोडवायला घेतले. पहिल्याच फटक्यात नथ एका पेटीत गेली आणि डोळे दुसऱ्या पेटीत. बायकांनी गोडाऊन डोक्यावर घेतलं. घाबरून त्याने कानबाई एवढी लहान केली की ती एका तुकड्यात मावली.

सोमवारचं विसर्जन चुकवायचं नसतं, म्हणून शेवटी आक्का उठली आणि मिरवणूक निघाली. पुढे डफ, मधे पाटावर उजळलेली कानबाई घेतलेली आक्का, मागे हातगाडीवर इन्व्हर्टर, दोघांच्या मधे लांबलचक वायर, आणि शेजारून उघडा लॅपटॉप तळहातावर धरून चालणारा तंत्रज्ञ. चौकातल्या ट्रॅफिक पोलिसाने आम्हाला थांबवलं, नीट बघितलं, बूट काढून नमस्कार केला आणि एसटी अडवून वाट करून दिली.

पांझरेच्या काठावर आक्का थांबली. पाट लेकांच्याच हाती द्यायचा, म्हणून खाली ठेवेना. रात्रभराची जागलेली, तरी मला पुढे येऊ देईना. मला वाटलं, आता ही इथेच कोसळणार, आणि त्याला कारण मी.

तेवढ्यात पुलाकडून थोरला आला. पायऱ्यांवर धाकटा आधीच येऊन बसला होता, तो उठला. दोघांनी मोबाईलवर आईला बघितलं होतं आणि रातोरात निघून विसर्जनाला थेट नदीवर आले होते. एकमेकांकडे न बघता दोघांनी पाटाची एकेक बाजू धरली आणि उतरायला लागले.

"पाण्यात नका घालू! करंट लागेल!" तंत्रज्ञ रडकुंडीला आला होता.

दोघे पाण्याच्या वीतभर अलीकडे थांबले. वायर पायांत घोटाळत होती. थोरल्याने खाली बघितलं.

"वायर देख रे. पाय अटकी."

"तू बी देख," धाकटा म्हणाला.

चार वर्षांनी दोघे एवढंच बोलले. आक्काने पदर डोळ्यांना लावला. मग तंत्रज्ञाकडे वळून म्हणाली, "आते दाब रे भाऊ बटण."