डाव्या अंगठ्याजवळचा स्विच

आमचा इलेक्ट्रिक ऑर्गन एका क्लबने मोडीत काढलेला होता. यांनी तो रेल्वेतून निवृत्त झाल्यावर माझ्यासाठी आणला, आणि तो इथे उत्तरेत, वृंदावन योजना नावाच्या वसाहतीतल्या आमच्या हॉलची एक भिंत अडवून बसला. सोबत कपाटाएवढी लाकडी पेटी. तिच्या आत स्पीकरचा भोंगा गोल फिरायचा. हळू फिरला की सूर संथ हेलकावे घ्यायचा, जोरात फिरला की थरथरायचा.

त्याचा स्विच मात्र पेटीवरच होता, माझ्या हातापासून लांब. मग मी वाजवायचे आणि हे पेटीशेजारी वेताच्या बुटक्या मोढ्यावर बसून स्विच फिरवायचे. गाण्यातलं यांना काही कळत नसे, पण वेळ कधी चुकली नाही.

"तुम्हाला कळतं कसं?" मी एकदा विचारलं.

"त्याआधी तुझे खांदे वर जातात."

हे गेल्यावर कित्येक महिने ऑर्गनवर चादर होती. या हिवाळ्यात ती काढली. वाजवायला बसले, आणि सगळं गाणं एकाच संथ हेलकाव्यात संपलं. स्विच ऑर्गनवरच घ्यायला हवा होता.

मुलीला बंगळूरला फोन केला. "कुठे बसवू गं?"

"मम्मी, जहाँ हाथ जाए, वहीं लगवा लो ना," ती म्हणाली. तिला मीटिंग होती.

हात कुठे जातो, तेच तर बघायचं होतं. स्विच समजून बाटलीचं झाकण चिकटपट्टीने ऑर्गनवर लावून मी वाजवून पाहू लागले. उजवीकडे लावलं तर चाल तुटायची. वर लावलं तर हात उचलावा लागायचा. पायाने करावं तर उजवा पाय आवाजाच्या पेडलवर, आणि डावा गुडघा दुखरा. शेवटी डावीकडे, खालच्या पट्ट्यांच्या कडेखाली लावलं. तिथे बोटं सुरांवर ठेवूनही अंगठा पोचत होता.

इलेक्ट्रिशियन आला. "आंटी, दाहिने लगा दूँ? बाएँ में तार छोटा पड़ेगा."

"नहीं भैया, बाएँ ही."

तार भिंतीच्या कडेने न्यायची होती. "ये मूढ़ा हटाना पड़ेगा," तो म्हणाला. त्याला हात लावू न देता मीच तो उचलून बाल्कनीत ठेवला आणि तिथेच जरा वेळ उभी राहिले. आत ड्रिलचा आवाज चालू होता.

तो गेल्यावर मी वाजवायला बसले. पहिल्यांदा अंगठा उशिरा पोचला, दुसऱ्यांदा घाईने. तिसऱ्यांदा भोंग्याने नेमका वेग घेतला, सूर थरथरत वर गेला आणि माझ्या तोंडून "जमलं!" असं मोठ्याने निघालं. घरात ऐकायला कुणी नव्हतं.

मग फोन पुस्तकांना टेकवून सगळं गाणं रेकॉर्ड केलं आणि मुलीला पाठवलं. उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं, "वाह मम्मी! पर आवाज़ थोड़ी कम है."

मी चहा घेऊन बसले, फोनचा आवाज पूर्ण वाढवला आणि ते गाणं पहिल्यापासून ऐकलं.