गेरूचे ठिपके

विद्यापीठाचं नाव बदललं ते वर्ष. वाळूजला कारखाने असे उगवत होते की काल ज्वारी पाहिलेल्या रानात आज भोंगा ऐकू यायचा. बंद आणि दगडफेकीतून एसटी नुकत्याच सुटल्या होत्या. माझ्या पोटातली दंगल मात्र चालूच होती.

मी कामाला होतो त्या कारखान्यातल्या आमच्या शॉपमध्ये अल्सरची कारणं सगळ्यांना पाठ: मिरची, चहा आणि बायको. माझं लग्न व्हायचं होतं, म्हणून मी मिरची अन् चहा सोडला. फरक शून्य! शेवटी दुर्बीण घालणाऱ्या डॉक्टरनं सांगितलं, "जठराच्या अस्तराला जखम आहे, तिथं जंतू बसलेत. जंतू मारले की जखम भरेल. दोन आठवडे तीन प्रकारच्या गोळ्या, एकही चुकवायची नाही."

पाचव्या दिवशी आग थांबली. मी नाचायचाच बाकी होतो. आमच्या लाइनीत डबा कुणी एकट्यानं खात नसे. मग गोळ्या तरी एकट्यानं कशा खायच्या? उरलेल्या मी जेवणाच्या सुट्टीत पोट जळणाऱ्या सगळ्यांना वाटून टाकल्या. कुणाला दोन, कुणाला तीन. माझ्या गळ्यात हार तेवढा पडायचा राहिला.

महिन्याभरात शौचाला डांबरासारखं काळं होऊ लागलं. डॉक्टरनं कपाळाला हात लावला. "वाटल्या? प्रसाद होता का तो? तुम्ही बरे झाला नाहीत, तेही झाले नाहीत. आता गोळ्या बदलून देतो. एवढ्यानं जखम भरली नाही, तर पोट कापावं लागेल."

कन्नडहून आई आली. आमचं घर मेंढरांचं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अर्ध्या मेंढरांना दवा पाजून अर्धी सोडली तर काय व्हतंय रं?"

"रोग परत येतो."

"व्हय ना? मग शिकून काय केलंस?"

कळपाला औषध देताना, पाजून झालेल्या मेंढरावर गेरूचा ठिपका देतात. म्हणजे एकही सुटत नाही. आईनं तोच कायदा मला लावला. गोळी गिळायची, जीभ वर करून दाखवायची, मग मनगटावर ठिपका. दुपारच्या गोळीसाठी गेरूची डबी शॉपमधल्या एका मित्राकडं सोपवलेली. सुपरवायझर ओरडला, "लासूरच्या बाजाराला निघालं काय हे मेंढरू?" मी मान उंचावून असं "बॅंऽऽ" केलं की मशीनवरचे हात थांबले.

दुसऱ्या आठवड्यात तोंडाला गंजक्या खिळ्यासारखी चव आली. गोळी थुंकावीशी वाटायची. आई समोर बसून म्हणायची, "थुक की. पोट तुझंच कापणार हायेत, माझं नाय." मी गिळायचो.

गोळ्या संपल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण. घसा फवाऱ्यानं बधिर, तोंडात नळी. जन्मात पहिल्यांदा माझी बडबड बंद. आई दाराशी उभी. डॉक्टर बराच वेळ नळीतून बघत राहिला. मग म्हणाला, "जखम भरलीय. नवं अस्तर आलंय, गुलाबी."

"मंग कापायचं?"

"नाही, आजी. कापायचं काय कारण?"

आई तिथल्या स्टुलावर मटकन बसली. पदर डोळ्यांना लावला, लगेच काढला. नळी बाहेर येताच मी थोडं कण्हून पाहिलं. डॉक्टरचं लक्ष जावं एवढंच.

"ऊठ," आई म्हणाली, "आता सोंगं पुरे झाली."