दावा जिंकत असताना झालेली तडजोड

माझा पक्षकार ज्ञानू सातारा कोर्टाच्या व्हरांड्यात माझ्या शेजारी बसला होता. समोर त्याची बायको हौसा होती आणि हौसाच्या शेजारी तिचा दुसरा नवरा, बिरा.

महायुद्ध नुकतंच संपलं होतं. ज्ञानू पलटणीतला. ब्रह्मदेशात तो बेपत्ता झाला आणि घरच्यांनी तो गेला असंच धरलं. त्याच्या आईनंच हौसाचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, दुष्काळी माणमधल्या बिराशी लावून दिला. दोन्ही घरं मूळची मेंढपाळांची. ज्ञानूचं रहिमतपूरजवळ शेतीत स्थिरावलेलं, बिराचं अजून मेंढरांमागं फिरणारं. मग ज्ञानू जपान्यांच्या कैदेतून सुटून आला आणि बायको परत मिळावी म्हणून त्यानं दावा लावला. पहिला नवरा जिवंत, त्यामुळे कायदा आमच्या बाजूचा. तरी जज्जसाहेब म्हणाले, आधी तडजोडीचं बघा.

हल्ली, म्हातारपणी, टीव्हीवरच्या कोर्टाच्या मालिकांत तडजोड बघतो. काचेचं टेबल, वकिलाचं एक जोरदार वाक्य, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी, लगेच सह्या. आम्ही दुपारपर्यंत नुसतेच बसून होतो. मी कायदा समजावून सांगितला, तो कुणी ऐकला नाही.

शेवटी हौसाच बोलली. "मी तुमास्नी सोडलं न्हाई. तुमी गेला म्हणून मला सांगितलं. आता ह्यांचं लेकरू पोटात हाय."

मालिकेत इथं संगीत वाजतं.  इथं ज्ञानूनं विचारलं, "तिकडं पाणी हाय का?"

"लांबनं आणाय लागतं," ती म्हणाली.

ज्ञानूनं मला दावा काढून घ्यायला सांगितलं. अरे, आपण जिंकतोय, मी म्हटलं.

"व्हय. पर जिंकून काय करू, सायब?"

मग तो बिराकडे वळला. "पावणं, सुगी झाली की मेंढरं आमच्या रानात बसवा. हिरीला पाणी हाय."

मेंढरं बसली की रानाला खत मिळतं, म्हणजे यात उपकाराची भाषा नव्हती. सकाळपासून खाली बघत बसलेल्या बिरानं मान वर केली आणि "येतो" म्हणाला.

पुढं ज्ञानूनं पंचांसमोर काडीमोड दिला. सुगीनंतर बिराचा कळप खरंच आला. हौसा आली नाही. ती बाळंत झाली होती. वर्षभरानं ज्ञानूनंही दुसरं लग्न केलं.

तडजोडीत वकिलानं कधी गप्प बसावं, हे मी त्या व्हरांड्यात शिकलो. त्यासाठी पक्षकार मात्र शहाणा लागतो.